एकोणऐंशीव्या वर्षी

फेब्रुवारी. हॅन्कॉकच्या टेकडीवरचं शोरूम.
आवारात दोन छोटे पिकअप, बर्फाखाली एकाच रंगाचे.
ड्वेनने हातमोज्याने एकेकाचं कपाळ पुसलं:
हा पेट्रोलचा. हा हायब्रिड.
पेट्रोलचा चारही चाकांनी ओढतो,
बोट म्हणा, ट्रेलर म्हणा.
हायब्रिड पुढच्या दोनच चाकांवर चालतो,
पण गॅलनला बारा मैल जास्त देतो
आणि बावीसशे डॉलर जास्त घेतो.

मार्लिसने पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला.
माझी मुलगी. बँकेत असते. सातचा आकडा
मध्ये आडवी रेघ मारूनच काढते.
वर्षाचे मैल, गॅलनचा भाव, भागाकार, हातचा एक.
"सात वर्षांत वसूल होईल, बाबा," म्हणाली,
आणि पेन्सिल थांबली.
मी बहात्तरचा आहे.
ड्वेन उगाच टायरकडे बघू लागला.

ओढायला माझ्याकडे आहे काय?
एक चामडी पिशवी. किल्ल्या, नमद्याच्या पट्ट्या, ट्यूनिंग फोर्क.
पन्नास वर्षं मी पियानो सुरात लावले,
लान्सपासून कॉपर हार्बरपर्यंत,
चर्चच्या तळघरांतले, कॉफीचे डाग पडलेले,
शाळांतले, ज्यांच्या पोटात पेन्सिली सापडतात.
मग वरचं सप्तक गेलं.
पियानोचं नाही, माझं.
आधी चिमण्या गेल्या, मग चहाचे चमचे,
मग मार्लिसच्या वाक्यांची शेवटची अक्षरं.
आता खालचे सूर मी तळहाताने ऐकतो,
लाकडावर हात ठेवून.
गिऱ्हाइकं अजून बोलावतात. का, ते मी विचारत नाही.

पेट्रोलचा आधी चालवला.
स्टिअरिंगमधून मनगटापर्यंत ती ओळखीची थरथर.
ठीक आहे, म्हटलं. जिवंत आहे.

मग हायब्रिड. उतार, वळण,
पुलाच्या तोंडाशी लाल दिवा.
थांबलो, आणि सगळं गेलं.
हाताखाली काहीच नाही.
पायाखाली काहीच नाही.
मला वाटलं, झालं.
उरलेलं होतं तेही गेलं, इथे, सिग्नलला,
खाली गोठलेलं पाणी आणि मागे कुणाची तरी व्हॅन.
मार्लिसकडे पाहिलं असेन मी कसातरी,
कारण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला
आणि ओठ सावकाश हलवत म्हणाली:
"इंजिन बंद झालंय, बाबा.
कुणालाच काही ऐकू येत नाहीये."

कुणालाच.
चार वर्षांत पहिल्यांदा
ती शांतता माझ्या एकट्याची नव्हती.
दिवा हिरवा झाला, व्हॅनने हॉर्न वाजवला असावा.
मी घाई केली नाही.

"हा फक्त दाखवायचा," ड्वेनने कागदावर लिहून दिलं,
"तुमचा यायला ऑक्टोबर उजाडेल.
पेट्रोलचा आजच घेऊन जा."
आणि खाली, ठळक: "बर्फात चार चाकं बरी."
खरं बोलत होता बिचारा.
मी ऑक्टोबरवर सही केली.
मार्लिसने पाकीट दुमडून पर्समध्ये टाकलं,
तो सात आतल्या बाजूला.

एक गोष्ट मात्र तेव्हा सुचलीच नाही.
माझ्या जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटलाय,
आणि इल्मा राटिकाइनेन
दोन वळणं आधीच तो ओळखते,
मी दारात पोचेपर्यंत कॉफी उकळलेली असते.
कधी बोललो नाही आम्ही याबद्दल.
आता नव्या गाडीने मी मांजरासारखा येईन.
आधी फोन करावा लागेल.
फोनवरचं मला काही कळत नाही,
तेव्हा मी एवढंच म्हणेन: निघालोय.
ती काय म्हणाली
ते तिथे पोचल्यावर वासावरून कळेल.